बोटं बरी झाली की येते

फुलेवाडी, कोल्हापूर
२० मार्च २०२५

आण्णा,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला फोनवर ओरडता येत नाही. परवा गच्चीवरून मी "जेवलाय काय" म्हणून इतक्या मोठ्यांदा विचारलं, की समोरच्या इमारतीतल्या बाईंनी खिडकीतून "जेवले की" म्हणून उत्तर दिलं. तुम्ही मात्र "व्हय व्हय, पाणी आलंय" म्हणालात. म्हणून आता पत्र. भाताच्या गिरणीनं तुमचे कान नेले पण डोळे ठेवलेत, तेवढं तरी बरं झालं.

लग्नाला सव्वा महिना होत आला. मी बरी आहे. ऑफिसात मार्चअखेरची धांदल आहे, साहेबांच्या टेबलावर फायलींचा डोंगर आणि माझ्या टेबलावर त्याचा पायथा. सकाळी डबे, मग ऑफिस, मग पुन्हा ओटा. इथलं स्वयंपाकघर पत्र्याचं आहे, दुपार उलटली तरी तापलेलंच असतं. सम्राट कागलच्या एमआयडीसीत. त्यांची पाळी दर आठवड्याला बदलते. दारात चपला दिसल्या की कळतं आलेत, नाही दिसल्या की गेलेत. माणूस चांगला आहे. भेटला की बोलतोही.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. बोलणं खणखणीत, हात सैल. उन्हाळ्यात जास्त रांधायचं नाही हा त्यांचा नियम, आणि तो मला फार आवडला. काकडीची कोशिंबीर, कैरीची चटणी, भाकरी, आणि गाडगंभर आंबील. रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवतात, सकाळी शिजवतात, लसूण ठेचून घालतात. ऑफिसातून आलेल्या माणसासमोर पहिल्यांदा आंबिलीचा पेला येतो, मग विचारपूस.

तिथंच माझी पंचाईत झाली आहे. आईच्या बाराव्याला बायका म्हणाल्या होत्या, "गेलेल्या माणसाच्या आवडीचं एक काहीतरी वरीसभर सोडायचं असतंय." मी आंबील सोडली. तुम्हाला तेव्हाच सांगितलं होतं, पण तुम्ही नुसती मान हलवलीत. मेअखेरीस वर्षश्राद्ध होईपर्यंत मला ती चालत नाही. एक तर वर्षाच्या आत लग्न, नाहीतर तीन वर्षं थांबा, म्हणून आपण घाई केली. त्यामुळे आईच्या दुःखाचं वर्ष आणि लग्नाचा पहिला उन्हाळा एकाच कॅलेंडरवर आले आहेत.

आत्याबाईंना खरं कारण मी सांगितलेलं नाही. पित्त होतं म्हणून सांगितलं. सांगू का? आणि तुम्ही काय सोडलंय?

तुमची,
तेजस्वी


मधली वाडी, ता. आजरा
२ एप्रिल २०२५

चि. तेजस्वीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. अक्षर सुधारलं आहे, लग्नाचा एवढा तरी उपयोग झाला. पाणी खरंच आलं होतं, म्हणून मी पाणी आलंय म्हणालो. तू काय विचारलंस त्याच्याशी माझा संबंध नाही.

मी मजेत आहे. सकाळी शेतावर जाऊन येतो. कलमांना काजू बरा लागला आहे. दुपारी पडून राहतो. घरात एकट्याचा आवाज होत नाही, आणि झाला तरी मला ऐकू येत नाही, त्यामुळे आमचं दोघांचं चांगलं जमतं. दोघं म्हणजे मी आणि घर.

तू विचारलंस ते. मी भात सोडला. आपला घनसाळ. तुझी आई चुलीवर तो ठेवायची तेव्हा वास पार रस्त्यापर्यंत यायचा. एवढ्या प्रेमानं शिजवायची म्हणजे तिला तो किती आवडत असणार. म्हणून तोच सोडला. भाकरी शेजारून मिळते, माझी काळजी करू नकोस.

तू आंबील सोडलीस ते योग्यच केलंस. काजूच्या हंगामात ती फॅक्टरीतून यायची ती थेट उंबऱ्यावर बसायची. पेला दोन्ही तळव्यांत धरायची, बोटं अशी बाहेर उघडी, आणि डोळे मिटून सगळी आंबील एका दमात प्यायची. मी गिरणीतून लवकर आलो की समोर बसून बघत राहायचो. जगात एवढ्या आनंदानं कुणी काही पीत नसेल असं मला वाटायचं.

सासूबाईंना सांगू नकोस. नवं घर, अजून दाराचं तोरण उतरलं नसेल. अशा घरात आपलं मयत नेऊ नये. मेअखेरीपर्यंत कसंबसं निभाव. पित्ताचं कारण चांगलं आहे, पित्त कुणाला दिसत नाही.

जावईबापूंना नमस्कार सांग. ते भेटले तर.

तुझे,
आण्णा


फुलेवाडी
१७ एप्रिल २०२५

आण्णा,

साष्टांग नमस्कार.

पित्त दिसत नाही हे खरं, पण खर्डा खाताना माणूस दिसतं. मी भाकरीबरोबर हिरव्या मिरचीचा खर्डा चाटून पुसून खात होते, तेव्हा आत्याबाई नुसत्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पित्ताचं माणूस खर्डा खातंय व्हय?" मी हसून वेळ मारून नेली. ते हसणं त्यांना लागलं असावं.

रविवारी शाहूवाडीहून सम्राटांच्या मावशी आल्या होत्या. आत्याबाईंनी सगळ्यांना पेले दिले, मलाही दिला. मी तो हळूच बाजूला सरकवला. मावशींनी ते बघितलं आणि आत्याबाईंना म्हणाल्या, "बाळाबाई, सूनबाईला आपलं गाडगं चालत न्हाय वाटतं. आपीसातली पोरगी हाय, तिला फिरीजमधलं लागत आसंल." सगळे हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी गाडगं उचललं, उरलेली आंबील मोरीत ओतली, गाडगं घासलं आणि भिंतीवर पालथं घातलं. म्हणाल्या, "उद्यापासनं बंद. ज्या घरात एकाला वंगाळ वाटतंय, तिथं बाकीच्यांनी कशाला प्यायची?"

तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. पण तुम्ही सांगू नकोस म्हणाला होतात, आणि मलाही धीर झाला नाही. आता इतक्या उशिरा सांगितलं तर नवीन सबब काढली असंच वाटेल. चार दिवस झाले, आत्याबाई माझ्याशी कामापुरतं बोलतात. मीठ कुठं आहे एवढं विचारलं की बोटानं दाखवतात.

काल सकाळी सम्राट चहा घेता घेता म्हणाले, "तुला हितलं काय आवडतंय ते तरी सांग. म्हंजे आईला तसं सांगता येईल." मी म्हटलं, जे असेल ते चालतं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "जे आसंल ते म्हंजे काहीच न्हाय." आणि बस पकडायला गेले. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. ते दमून म्हणाले.

मीही दमले आहे, आण्णा. ऑफिसातून येताना उन्हात पाय उचलत नाहीत आणि घराच्या कोपऱ्यावर आले की आणखी जड होतात. मला तिकडं यायचं आहे. माहेरपणाला म्हणून नव्हे. किती दिवसांसाठी ते मला आत्ता सांगता येत नाही, आणि परत यावंसं वाटेल की नाही तेही सांगता येत नाही. आईच्या जागी उंबऱ्यावर बसून राहावंसं वाटतं.

येऊ का? लगेच कळवा.

तेजस्वी


मधली वाडी
२५ एप्रिल २०२५

चि. तेजस्वीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. आत्ता येऊ नकोस. ऊन फार आहे. वर्षश्राद्धाला सगळे मिळून याच. सासूबाई सांगतील तसं कर. मी बरा आहे.

आण्णा


फुलेवाडी
३० एप्रिल २०२५

झुंबरकाकू,

नमस्कार. तुम्हाला मी कधी पत्र लिहीन असं वाटलं नव्हतं. पण तुमचं घर आमच्या घराला लागून आहे आणि तुम्ही आईबरोबर काजूच्या फॅक्टरीत एका बाकड्यावर बसायचात, म्हणून तुम्हालाच विचारते.

आण्णांचं पत्र आलं. चार ओळी, त्याही उताराला लागलेल्या. त्यात मला एकही टोमणा नाही. आण्णांनी टोमणा न मारता लिहिलेलं पत्र मी पहिल्यांदाच बघितलं. मी घरी येऊ का विचारलं होतं, तर येऊ नकोस म्हणाले. लग्न झालं म्हणजे मुलीचा भार उतरला, आता ती परत यायला नको, असं त्यांना वाटतं का? तसं असेल तर तसं सांगा. मला राग येणार नाही. म्हणजे येईल, पण मी गिळीन.

इथं माझं आणि सासूबाईंचं बिनसलं आहे. कारण सांगायला लाज वाटते इतकं लहान आहे. आईला आंबील फार आवडायची म्हणून मी ती वर्षभर सोडली आहे. त्यांना ते माहीत नाही, त्यांना वाटतं मला त्यांच्या हातचं नको. आण्णांनी तर भात सोडला आहे.

आण्णा कसे आहेत ते खरं लिहा.

तेजस्वी


मधली वाडी
७ मे २०२५

लेकी तेजू,

मी चौथी शिकल्याली बाई, तवा आक्षार बघू नगंस. जसं बोलती तसंच लिवती.

तुझ्या आण्णाला तू नको झालीस, हे डोस्क्यातनं काढ आधी. तू येऊ नगंस म्हणाला त्याला कारन हाय. त्यो हिरीवर चक्कर येऊन पडलाता. आजऱ्याच्या डाक्टरनं सलाईन लावली. आता बरा हाय, हिंडतोय, पर गालफाडं पार बसल्यात. तुला कळवायचं न्हाय म्हणून माझ्याकडनं शपथ घेतली त्यानं. लेकीचं नवं लगीन हाय, म्हणतोय. तू तकडं लपीवतीस, ह्यो हकडं लपीवतोय. बापलेक एकाच मातीचं.

चक्कर का आली तर पोटात काय न्हवतं म्हणून. भात सोडलाय. भाकरी करायला येत न्हाय. मला म्हणायचा लेकीनं पीठ भरून ठेवलंय, करतोय मी. मला खरं वाटलं. पडला तवा घरात शिरून बघितलं तर पिठाचा डबा तसाच, वर जाळी धरल्याली, आन कोपऱ्यात बेकरीच्या बटराच्या पिशव्या. सारा चैत चहा आन बटरावर काढला गड्यानं. आता मी दोन येळा भाकरी देती आन खाईपतुर म्होरं बसती.

आता तुला एक सांगती. रागावू नगंस.

तुझ्या आईला आंबील आवडत न्हवती.

काजू फोडायचं काम तू केलं न्हाईस, तुला ठाव न्हाय. टरफलात चीक आसतोय, काळा, तेलावानी. हाताला राख लावा, तेल लावा, त्यो बोटांच्या पेरांत मुरतोयच. मग पेरं जळत्यात, सालं निघत्यात. लोकांस्नी नुसती काळी बोटं दिसायची. हंगामात तुझ्या आईला, तानाला, भाकरी मोडाय यायची न्हाय. तिखाट बोटाला लागलं की डोळ्यातनं पाणी. म्हणून ती आंबील प्यायची. पेला तळव्यात धरायची, बोटं लांब ठेवून. डोळं मिटायची ते झोंबायचं म्हणून. एकदा मला म्हणाली, "झुंबर, ह्या आंबिलीचा मला आता वास बी नको झालाय." पर घरात कुणाला सांगितलं न्हाय. सांगून बोटं बरी हुयाची हाईत व्हय, म्हणायची.

आन त्यो घनसाळ? त्यो तुझ्या आण्णाला आवडतोय. गिरणीतनं दमून येतोय म्हणून ती शिजवायची. ती सोता खाली लागल्याली खरवड खायाची. गड्यानं बायकोच्या नावानं सोताच्याच आवडीचं सोडलंय. तिला वर आसंल तितनं हसू आलं आसंल, न्हाईतर रडू.

मग तिला काय आवडायचं, तर नक्की मलाबी ठाव न्हाय. ईस वरसं एका बाकड्यावर बसलो, मी कवा इचारलं न्हाय. एकदाच बोलल्याली. हंगाम सरत आलता, गेल्या सालची गोष्ट. म्हणाली, "मला एकदा दुसऱ्या कुणी थापल्याली गरम भाकरी पायजे. चुलीम्होरं बसायचं, तव्यावरनं एकेक वाढायची, मी उठायचं न्हाय." मी म्हणाले, ये की मग उद्या, मी घालती. तर हात दावून म्हणाली, "आत्ता नको, मोडाय येत न्हाय. बोटं बरी झाली की येते."

मग ताप आला आन ती गेलीच. तिला आंघोळ घातली तवा मी हात बघितलं. बोटं बरी झाली न्हवती.

हे मी तुझ्या आण्णाला सांगितलं न्हाय. त्याला ऐकू येत न्हाय, आन ही काय वरडून सांगायची गोष्ट न्हवं. तू लिव.

तुझी,
झुंबरकाकू


फुलेवाडी
१५ मे २०२५

आण्णा,

साष्टांग नमस्कार.

झुंबरकाकूंनी सगळं कळवलं. त्यांच्यावर रागावू नका, शपथ त्यांनी माझ्यासाठी मोडली. मला तुमचा फार राग आला आहे. बटरावर चैत्र काढायचा आणि मला "भाकरी शेजारून मिळते" लिहायचं. पण मीही तुम्हाला "मी बरी आहे" लिहीतच होते, तेव्हा तुम्हाला बोलायला मला तोंड नाही.

काकूंनी लिहिलेलं सगळं या पत्रामागे मी माझ्या अक्षरात उतरवलं आहे. ते दिवसा वाचा, आणि जेवल्यावर वाचा. आई पेला तळव्यांत का धरायची ते त्यात आहे. तुम्ही समोर बसून तिचा आनंद बघत होतात. मी शाळेतून येऊन तिच्या शेजारी बसायचे आणि तिच्या पेल्यातला शेवटचा घोट मागायचे. ती लगेच द्यायची. मला वाटायचं, एवढी आवडीची गोष्ट मला देते. आता कळतं, तिला ती संपवायचीच असायची.

वाचून झाल्यावर मी दोन दिवस काहीच केलं नाही. ऑफिसला गेले, आले, भांडी घासली. मग परवा संध्याकाळी आत्याबाई पीठ मळत होत्या, तिथंच मी खाली बसले आणि आंबील का पीत नव्हते ते सांगून टाकलं. आईच्या बोटांचंही सांगितलं. मध्येच रडू आलं तरी थांबले नाही. त्यांचे हात परातीत तसेच राहिले होते. शेवटी म्हणाल्या, "येडी का काय गं तू? सांगायचं की. मी म्हटलं, पोरीला आमची किळस येती."

मी म्हटलं, आईला आंबील आवडतच नव्हती असं आता कळलंय, तेव्हा गाडगं सुलटं करा, मी पिते. त्या म्हणाल्या, "तसं न्हाय. आईच्या नावानं बोललीस ते मोडायचं न्हाय. तिला आवडू दे न्हाय तर न आवडू दे, तू सोडलीस ते तिच्यासाठनं. वरीस भरूस्तवर ह्या घरात आंबील हुणार न्हाय." गाडगं अजून पालथंच आहे. पण आता त्याच्याकडं बघून पाय जड होत नाहीत.

मग त्यांनी मला पाटावर बसवलं. "उठायचं न्हाय," म्हणाल्या. तव्यावरून एकेक भाकरी ताटात टाकत गेल्या. वांगं भाजून त्यात कच्चा कांदा घातला होता, बाकी काही नाही. पत्रा तापलेला, घाम कपाळावरून ताटात पडत होता, आणि मी खात होते. भाकरी मोडताना बोटांकडं लक्ष जात होतं. माझी बोटं धड आहेत, आण्णा. आईनं मला कधी त्या फॅक्टरीत पाऊल टाकू दिलं नाही.

सम्राट आले तेव्हा मी अजून पाटावरच होते. त्यांनाही सांगितलं. त्यांनी काही समजूत वगैरे घातली नाही. हात धुऊन आले, माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "आई, मलापण वाढ." थोड्या वेळानं मी त्यांना विचारलं, तुमच्या आईला काय आवडतं? त्यांनी घास खाली ठेवला. मग आत्याबाईंनाच विचारलं. त्या तव्याकडं तोंड करून म्हणाल्या, "मला काय आवडायचंय? घरात आसंल ते." सम्राटांनी माझ्याकडं बघितलं. गेल्या महिन्यात सकाळच्या चहाला मी त्यांना हेच उत्तर दिलं होतं.

आज कपडे वाळत घालताना आत्याबाई मध्येच म्हणाल्या, "कैरी. तिखटमीठ लावल्याली. पर आता दात आंबत्यात." इकडं तिकडं बघून म्हणाल्या, जणू काही चोरलं होतं. संध्याकाळी येताना मी दोन कैऱ्या आणल्या. दात आंबले तर आंबोत.

घरी कायमचं यायचं मी म्हणाले होते, ते आता मनात नाही. दमणं आहे तेवढंच आहे, ते उन्हाबरोबर जाईल किंवा जाणार नाही. वर्षश्राद्धाला आम्ही तिघं येतोय.

आणि आण्णा, भात खा. तो तुम्हाला आवडतो. ती तो तुमच्यासाठी शिजवायची.

तेजस्वी


मधली वाडी
२१ मे २०२५

चि. तेजस्वीस अनेक आशीर्वाद.

पत्र जेवल्यावर वाचलं. तू सांगितलंस म्हणून नव्हे, झुंबरबाई समोर ठाण मांडून बसते म्हणून. पाठीमागचं दोनदा वाचलं. मग उंबऱ्यावर जाऊन बसलो. तिच्या जागी नाही, माझ्या नेहमीच्या जागी, समोर. तिथून मला सगळं दिसत होतं, तरी दिसलं नाही.

भात खाईन, पण वर्षश्राद्ध झाल्यावर. तुझ्या सासूबाई शहाण्या आहेत, सोडलं ते सोडलं. तोवर भाकरी. ती मी आता स्वतः शिकतोय. झुंबरबाईला माझ्या कानात ओरडायचा कंटाळा येतो, म्हणून चुकलं की ती हातावर चापट मारते. पहिली भाकरी कोंबड्यांनीही सोडून दिली. कालची मात्र तव्यावर फुगली. वर्षश्राद्धाच्या नैवेद्याला भाकरी मी थापणार आहे, तव्यावरून थेट पानात. भटजींना विचारलं, चालेल का? ते काहीतरी म्हणाले. मला ऐकू आलं नाही, म्हणजे चालेल.

तुम्ही तिघं येताय हे बरं झालं. विहीणबाईंसाठी कैऱ्या उतरवून ठेवतो, आपल्या झाडाची फारशी आंबट नाही. जावईबापूंना काय लागतं ते तू कळवशीलच.

तुझ्यासाठी काय करून ठेवू म्हणून सकाळपासून विचार करतोय. तुला काय आवडतं ते मला आठवेना. मग लक्षात आलं, आठवायला ते आधी ठाऊक असावं लागतं. आपल्या घरात हे तुझ्या आईला ठाऊक असायचं, माझंही आणि तुझंही.

तेव्हा उलट टपाली कळव. आणि असेल ते चालेल, असं लिहू नकोस.

तुझे,
आण्णा